इष्टिकाचिती : हा शब्द नेमका आला कुठून?

सारवण

दहावीच्या भूमितीत 'महत्त्वमापन' सुरू झालं की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तीच तक्रार फिरते. 'इष्टिकाचिती' हा काय शब्द आहे? सेमीची मुलं 'क्युबॉइड' म्हणून मोकळी होतात आणि मराठी माध्यमातल्यांची जीभ अडखळते. कुणीतरी कचेरीत बसून शब्दकोश चाळून पाडलेला शब्द, असा एकूण सूर असतो. मी शाळेत गणित शिकवते आणि हा सूर मला बोचतो, कारण हा शब्द कचेरीतला नाहीच. तो बांधकामावरचा आहे.

इष्टिका म्हणजे वीट. चिती म्हणजे एकावर एक रचून उभं केलेलं काम. हिंदीत याच आकाराला 'घनाभ' म्हणतात, म्हणजे घनासारखा दिसणारा. ठीक आहे, पण त्यातून घनफळ कसं काढायचं याचा काही पत्ता लागत नाही. 'इष्टिकाचिती' म्हटलं की तळाच्या थरात किती विटा आणि असे थर किती, हे डोळ्यांपुढे येतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र त्या नावातच दडलं आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (शके १०७२, इ.स. ११५०) आठ 'व्यवहार' आहेत : मिश्रक, श्रेढी, क्षेत्र, खात, चिती, क्रकच, राशी आणि छाया. यातला खात म्हणजे खणणं, चिती म्हणजे रचणं, क्रकच म्हणजे करवतीनं कापणं, राशी म्हणजे धान्याची रास. ही आठांची विभागणी भास्कराचार्यांच्याही आधीची. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं म्हणून ठेवलंय की छायेपर्यंतचे आठ व्यवहार ज्याला येतात तो गणक. म्हणजे विटांच्या रचाईचा हिशेब येणं ही गणिती असण्याची एक अट होती.

चिती व्यवहारातलं उदाहरण असं आहे. वीट १८ अंगुळं लांब, १२ अंगुळं रुंद, ३ अंगुळं जाड. चिती ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. तर घनफळ किती, विटा किती आणि थर किती? (२४ अंगुळांचा एक हात.) रीत सरळ आहे, 'इष्टिकाघनहृते घने चितेः' : चितीच्या घनफळाला एका विटेच्या घनफळानं भागा.

चिती : ८ × ५ × ३ = १२० घनहात
वीट : ¾ × ½ × ⅛ = ३/६४ घनहात
विटा : १२० ÷ ३/६४ = २५६०
थर : ३ ÷ ⅛ = २४

माझं म्हणणं एवढंच की 'लीलावती'त चिती हे आकाराचं नाव नाही, कामाचं नाव आहे. आकाराचं नाव ते शाळेच्या पुस्तकांत झालं. या शब्दाची आणखी मागची-पुढची माहिती कुणाकडे असेल तर जरूर लिहा. 'वृत्तचिती', 'सूची', 'शंकू' यांवरही बोलायला आवडेल.

ओळंबा

ताई, धागा वाचला आणि हातातलं काम ठेवून गणित मांडलं. मी बांधकामं घेतो, विटांचा हिशेब हा माझा रोजचा विषय.

२५६० भागिले २४ करून पाहा. एका थरात १०६⅔ विटा येतात. म्हणजे अख्ख्या विटांत हा थर बसतच नाही! चिती १९२ अंगुळं लांब, वीट १८ अंगुळं. लांबीच्या दिशेनं १० विटा लागल्या की १२ अंगुळं उरतात. रुंदीत १२० अंगुळांत १२ची वीट बरोबर १० वेळा बसते. म्हणजे थरात १०० विटा अख्ख्या, आणि कडेला १२ × १२ची चौकोनी फट दहा वेळा. तिथं वीट तोडून दोन-तृतीयांश तुकडा बसवायचा. दहा तुकड्यांच्या मिळून ६⅔ विटा. हिशेब चोख.

आता यात मला जे आवडलं ते सांगतो. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथंच फाटते. म्हणून गवंडी एका थराची सुरुवात अख्ख्या विटेनं करतो आणि पुढच्या थराची अद्ध्यानं. इथं तो दोन-तृतीयांश तुकडा एका थरात डावीकडं आणि पुढच्या थरात उजवीकडं टाकला की सांधे आपोआप मोडतात. श्लोकात हे लिहिलेलं नाही, पण आकडे असे आहेत की काम करणाऱ्याला ते करावंच लागतं.

एक फरक मात्र आहे. या हिशेबात माल (विटा जोडणारा सिमेंट-वाळूचा गिलावा) धरलेला नाही, वीट विटेला थेट भिडलेली आहे. आज प्रमाण वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची, आणि मालासकट ती २० × १० × १० धरतात. म्हणून एका घनमीटरला ५०० विटा. मालाचा विचार न करता नुसता भागाकार केला तर ६५० येतील. दीडशे विटा जास्त मागवल्या जातील.

आणि हो, संस्कृतातला 'स्तर' आमच्याकडं अजून जिवंत आहे. गवंडी 'थर'च म्हणतो.

मध्यमा

लेख छान, पण माझा विरोध नोंदवते. आमच्या वेळी सिलिंडरला 'दंडगोल' म्हणत. दंड म्हणजे काठी, काठीसारखा लांब आणि गोल. लहान मुलालाही कळतं. त्याचं 'वृत्तचिती' केलं ते केवळ इष्टिकाचितीशी यमक जुळवायला असं मला वाटतं. विटा रचून नळकांडं कोण बांधतं?

सारवण

मध्यमाताई, 'दंडगोल' कानाला गोड आहे, नाकारत नाही. पण वर्गात त्याची अडचण होते. भूमितीत 'गोल' म्हणजे चेंडूसारखा, सगळीकडून सारखा. त्याच प्रकरणात गोलाचं घनफळ शिकायचं असतं आणि शेजारी 'दंडगोल' आला की मुलं एकाचं सूत्र दुसऱ्याला लावतात. हे दर वर्षी उत्तरपत्रिकांत दिसतं.

वृत्तचिती म्हणजे वृत्तांची चिती. कॅरमच्या सोंगट्या एकावर एक ठेवत गेलं की जे उभं राहतं ते. तळाचं क्षेत्रफळ πr², त्याला उंचीनं गुणलं की झालं. पुस्तकांत त्रिकोणी चिती, षटकोनी चितीही असतात. तळ कसलाही असो, चिती म्हटलं की 'तळ गुणिले उंची'. एकच शब्द सगळ्या कुटुंबाला पुरतो. 'लीलावती'तली रीतही हीच आहे : क्षेत्राचं फळ उंचीनं गुणायचं. मग ते क्षेत्र चौकोनी असो की आणखी कसलं.

ओळंबा

मध्यमाताई, नळकांडं कोण बांधतं म्हणालात. गावोगावी विहिरींत सिमेंटची कडी उतरवतात ना? एकावर एक कडं बसवत जातात. ती पोकळ वृत्तचितीच झाली. वीटभट्टीची गोल चिमणीही थरावर थर चढवूनच उभी राहते.

नीलमोहर

सारवण, तुम्ही विचारलंत म्हणून मागची थोडी भर.

'चिती' हा शब्द 'चि' धातूपासून आला. चि म्हणजे गोळा करणं, रचणं. संचय, निचय, चयन ही सगळी त्याच घरातली. चितासुद्धा. लाकडं रचून केलेली ती चिता आणि विटा रचून केलेली ती चिती.

शुल्बसूत्रांत (यज्ञवेदी कशी आखायची ते सांगणारे प्राचीन ग्रंथ) चिती म्हणजे अग्निचयनाची, म्हणजे विटा रचून केलेली यज्ञाची वेदी. श्येनचिती, कूर्मचिती, रथचक्रचिती, द्रोणचिती असे प्रकार आहेत. साधा दंडक असा : पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा, एकूण १०००. आकार ससाण्याचा करा की चाकाचा, पहिल्या चितीचं क्षेत्रफळ साडेसात वर्ग-पुरुषच भरलं पाहिजे. (पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या यजमानाच्या उंचीचं माप.) क्षेत्रफळ तेवढंच ठेवून आकार बदलायचा, या गरजेतून तिथली भूमिती वाढली. चौरसाचं वर्तुळ कसं करायचं, दोन चौरस मिळून एक कसा करायचा, हे प्रश्न तिथं विटांसाठी येतात.

ओळंबादादा, तुमच्या सांध्यांबद्दल. बौधायन शुल्बसूत्रात स्पष्ट आज्ञा आहे : 'भेदान् वर्जयेत्'. भेद म्हणजे लागोपाठच्या थरांत सांध्यावर सांधा येणं, ते टाळायचं. त्यासाठी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या थराची मांडणी एक आणि दुसऱ्या-चौथ्याची वेगळी. म्हणून तर इतक्या वेगवेगळ्या आकारांच्या विटा पाडाव्या लागत : चौकोनी, अर्ध्या, पाव, तिरप्या कापलेल्या.

विटेला वेदांत 'इष्टका' म्हणतात, 'इष्टिका' हेही रूप चालतं. प्राकृतात 'इट्टा' झालं, हिंदीत 'ईंट' आणि आपल्याकडं 'वीट'. म्हणजे इष्टिका आणि पंढरपूरची वीट हा एकच शब्द आहे, परका कुणी नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'इष्टिकाचिति' हा अख्खा समासच 'लीलावती'त आहे! क्रकच व्यवहाराच्या शेवटी हा श्लोक येतो :

इष्टिकाचितिदृषच्चितिखातक्राकचव्यवहृतौ खलु मूल्यम् ।
कर्मकारजनसंप्रतिपत्त्या तन्मृदुत्वकठिनत्ववशेन ॥

अर्थ : विटांची रचाई, दगडांची रचाई, खोदाई आणि करवतकाम यांत मोल काय द्यायचं ते कामगारांशी बोलून, त्यांच्या संमतीनं ठरतं, आणि माल किती मऊ की किती कठीण यावर अवलंबून असतं.

सारवण

नीलमोहर, याच्यासाठी धागा काढला म्हणायला हरकत नाही. हा श्लोक मी वर्गात फळ्यावर लिहिणार.

किती नेमकं आहे हे! घनफळ गणितानं निघतं, तिथं वाद नाही. पण मजुरी नुसत्या घनफळावर ठरत नाही. मुरूम खणणं आणि काळा पाषाण फोडणं यांचं घनफळ सारखं भरलं तरी मेहनत सारखी नसते. म्हणून गणिती तिथं थांबतो आणि म्हणतो, इथून पुढं कामगाराला विचारा. आणि आपला शब्द नेमका याच ओळीत येतो. मजुरीच्या ओळीत.

ओळंबा

आजही तसंच चालतं. खोदाईचा दर ठरवताना 'माती, मुरूम की कठीण' हे आधी पाहतात आणि तिन्हींचे दर वेगळे. मोजमाप ब्रासमध्ये, १०० घनफुटांचा एक ब्रास. ब्रासचा आकडा दोघांनाही मान्य असतो, भांडण होतं ते दरावर. संमतीनं ठरवा हे लिहून ठेवणाऱ्या माणसानं काम जवळून बघितलंय.

शोधयात्री

चिती म्हणजे चेतना ना? सप्तशतीत 'चितिरूपेण या कृत्स्नम्' आहे. मग इष्टिकाचितीत काही तत्त्वज्ञानाचा अर्थ असेल का?

नीलमोहर

नाही हो. ती 'चिति' वेगळ्या धातूची, 'चित्' म्हणजे जाणणं. ही 'चि' म्हणजे रचणं. उच्चार सारखा, घरं वेगळी. इथं विटाच आहेत.

गिरणाकाठ

मी चाळीसगाव तालुक्यातला. आमच्याकडं पाटण (पाटणादेवीचं ठिकाण, गौताळा अभयारण्यात) इथं एक शिलालेख सापडला, शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. जितके घाणे चालतील तितक्यांमागं पळी पळी तेल मठाला द्यायचं. आणि इथं जे मोजायचं ते मठाच्याच मापानं मोजायचं.

विचार करा. 'लीलावती' शिकवणाऱ्या मठाचं माप गावच्या बाजारात चालत होतं! भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड, 'सह्यकुलाचलाश्रित' म्हणजे सह्याद्रीच्या आसऱ्यानं वसलेलं. ते नेमकं कुठलं यावर मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात इथं पडत नाही. पण नातवाचा मठ आमच्या तालुक्यात होता हे दगडावर कोरलेलं आहे.

मला राशीबद्दल ऐकायचं आहे. खळ्यावर धान्याची रास पडते तिचा आकार शंकूचाच. तिचा हिशेब 'लीलावती'त कसा आहे?

सारवण

गिरणाकाठ, शिलालेखाबद्दल मनापासून आभार. राशीचा हिशेब माझा सर्वांत आवडता.

रीत अशी : राशीचा घेर दोरीनं मोजा. उंची मोजायची गरज नाही. जाड दाणा (हरभऱ्यासारखा) असेल तर घेराचा दहावा भाग ही उंची, बारीक (मोहरीसारखा) असेल तर अकरावा, कुसळांचं धान्य (साळ वगैरे) असेल तर नववा. मग घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीनं गुणा. घनहात निघाले. एक घनहात म्हणजे एक मागध खारी (धान्याचं जुनं माप), आणि खारीचे १६ द्रोण.

घेर ६० हात असेल तर :
जाड धान्य : उंची ६, (१०)² × ६ = ६०० खारी
बारीक धान्य : उंची ६०/११, सुमारे ५४५ खारी
कुसळांचं धान्य : उंची ६⅔, सुमारे ६६७ खारी

दाण्याप्रमाणं उंची का बदलते? बारीक गुळगुळीत दाणा घरंगळतो, रास पसरते. कुसळं एकमेकांत अडकतात, रास चढी राहते. या तीन अपूर्णांकांतून उताराचा कोन काढला तर साधारण ३२, ३० आणि ३५ अंश येतो. खळ्यावर उभं राहून पाहिल्याशिवाय हे आकडे सुचणार नाहीत.

अवकाश

पण घेराचा सहावा भाग म्हणजे त्रिज्या, हे π = ३ धरल्यावरच खरं ना? भास्कराचार्यांना ३९२७/१२५० माहीत होतं.

सारवण

बरोबर. सूक्ष्म ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७, दोन्ही त्यांनीच दिलेत. राशीत मात्र π = ३. आज आपण शंकूचं सूत्र ⅓πr²h शिकवतो. π = ३ घेतलं की ⅓ आणि ३ एकमेकांना छेदतात आणि उरतं r²h. खळ्यावर तोंडी करता येईल असं. पूर्ण अचूक काढलं तर ६००च्या जागी सुमारे ५७३ येतात. पाच टक्क्यांच्या आसपास फरक. दोरीनं मोजलेला घेर आणि अंदाजानं धरलेली उंची यांतच तेवढी चूक सहज होते, त्यामुळं ही सोय मला पटते.

अवकाश

आणि 'शंकू' हा शब्द? वर राशी आहे, सूची आहे, पण शंकू आकाराच्या अर्थानं कुठंच आलेला दिसत नाही.

नीलमोहर

कारण त्या काळात शंकू म्हणजे खुंटी. कात्यायन शुल्बसूत्राची सुरुवातच शंकूनं होते : सपाट जमिनीत शंकू रोवा, त्याच्याच उंचीइतक्या दोरीनं भोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक जिथं वर्तुळाला टेकेल तिथं खुंट्या मारा. त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. ज्योतिषात शंकू १२ अंगुळांचा धरतात आणि 'लीलावती'च्या छाया व्यवहारात तोच येतो. उदाहरणार्थ, दिवा साडेतीन हात उंच, शंकूपासून तीन हात दूर, तर १२ अंगुळांच्या शंकूची सावली किती? उत्तर १२ अंगुळं.

तिथं महत्त्व फक्त उंचीला आहे, शंकूचा आकार कसा का असेना. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये बृहत् सम्राट यंत्राचा शंकू म्हणजे सुमारे २७ मीटर उंच त्रिकोणी भिंत. तरीही तो शंकूच, कारण त्याची सावली मोजतात. शिवाय संख्यांच्या नावांतही शंकू आहे, एकावर तेरा शून्यं.

निमुळत्या घनाला 'लीलावती'त 'सूची' म्हणतात, म्हणजे सुई. खात व्यवहारात आहे : 'समखातफलत्र्यंशः सूचीखाते फलं भवति'. सरळ खड्ड्याचं जे घनफळ, त्याचा तिसरा हिस्सा टोकदार खड्ड्याचं. तळ गोल की चौकोनी, फरक नाही. आज शाळेच्या पुस्तकांत सपाट पृष्ठांची ती सूची आणि गोल तळाचा तो शंकू, अशी वाटणी झाली आहे. एका शब्दाचं काम दोघांत वाटलं गेलं, आणि खुंटीला नवं काम मिळालं.

मध्यमा

शंकूचं हे माहीत नव्हतं. तरी 'दंडगोल' मी सोडणार नाही, नातवंडांना दोन्ही सांगेन. पण इष्टिकाचितीबद्दल आता तक्रार नाही. तो मजुरीचा श्लोक लिहून घेतला आहे.

गिरणाकाठ

सारवणताई, अजून एक. आमच्याकडं रास नेहमी मोकळ्यावर नसते, भिंतीला टेकून लावतात, नाहीतर कोठीच्या कोपऱ्यात. मग घेर पूर्ण मोजताच येत नाही.

सारवण

त्याचीही सोय आहे. भिंतीला टेकलेली रास म्हणजे अर्धी, आतल्या कोपऱ्यातली म्हणजे पाव, आणि भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडलेली म्हणजे पाऊण. जेवढा घेर दिसतो तो अनुक्रमे २, ४ आणि १⅓ ने गुणायचा. म्हणजे पूर्ण राशीचा घेर मिळाला. त्यावरून नेहमीसारखी उंची आणि फळ काढायचं, आणि शेवटी त्याच आकड्यानं भागायचं.

'लीलावती'त तिन्हींची उदाहरणं आहेत : भिंतीजवळ घेर ३० हात, आतल्या कोपऱ्यात १५, बाहेरच्या कोपऱ्यावर ४५. तिन्ही गुणल्यावर ६०च होतात. जाड धान्य धरलं तर पूर्ण रास ६०० खारी. मग भिंतीजवळची ३००, आतल्या कोपऱ्यातली १५०, बाहेरची ४५०. तुमच्या कोठीतल्या कोपऱ्यासाठी दिसेल तो घेर चारानं गुणा आणि आलेलं फळ चारानं भागा. उंची काढताना मात्र गुणलेलाच घेर घ्यायचा, दिसणारा नाही, नाहीतर रास चौपट बुटकी निघेल.